'राजी' : एका पुणेरी व्हिडिओ गेमचे गुणदोष

मुलांनी काय वाचावे ह्याविषयी आम्ही ह्या सदरातून वेळोवेळी लिहीत आलो आहोत. मुलांनी काय खेळावे ह्याविषयी लिहिण्याचा प्रसंग मात्र आजवर आला नव्हता. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या हे खेळ कोणी मास्तरांना विचारून खेळले नाहीत आणि मास्तरांनीही ते कधी फळ्यावर शिकवले नाहीत. परंतु जबलपूरच्या एका वाचक भगिनींनी पत्रातून जो प्रश्न विचारला आहे, तो टाळता येण्याजोगा नाही. त्या लिहितात की, मुले व्हिडिओ गेम खेळणारच हे आम्ही आता धरून चाललो आहोत. प्रश्न एवढाच की, ज्या मुलाने आजवर असा एकही खेळ खेळलेला नाही, त्याच्या हाती पहिला कोणता द्यावा?

प्रश्न आम्हांस आवडला. 'द्यावा की न द्यावा' ह्या वादात पालकसभांचे तासन् तास जातात आणि तेवढ्या वेळात मुले घरी मोबाइल घेऊन बसलेली असतात. 'कोणता द्यावा' असे विचारणारा पालक निदान मुलाच्या शेजारी येऊन बसायला तयार आहे.

आमच्या दापोऱ्यात केळीच्या बागांना पाणी देऊन माणसे घरी परततात, तेव्हा ओट्यावर एका मोबाइलभोवती चार-पाच डोकी वाकलेली दिसतात. त्या मोबाइलवर बहुधा गोळीबार चाललेला असतो. 'पबजी मोबाइल'वर सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या सरकारने बंदी घातली. त्याचाच भारतीय अवतार २०२१ मध्ये नव्या नावाने आला, तोही जुलै २०२२ मध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. ह्या खेळाची कल्पना थोडक्यात अशी की, शंभर जणांना एका बेटावर उतरवायचे आणि शेवटी जो जिवंत उरेल तो जिंकला. नवशिक्या मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर ही शाळा फार विचित्र आहे. पहिल्याच दिवशी त्याला दहावीच्या वर्गात बसवतात आणि पहिल्याच मिनिटाला नापास करतात. तेथे कथा नाही, आणि आपण कोण आहोत ह्याचा पत्ताही नाही. (पैसे लावून खेळायचे जे ऑनलाइन खेळ होते, त्यांच्याविषयी आम्ही लिहीत नाही. त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली आहे, आणि तो जुगारच होता.)

कथा सांगणारा, खेळणाऱ्याला एखादी भूमिका देणारा जो प्रकार आहे, त्याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. नाव परके असले तरी कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याकडे दारोदार फिरणारा बहुरूपी दुसरे काय करीत असे? आज फौजदार, उद्या साधू. आणि ज्या दिवशी जे सोंग, त्या दिवशी त्या सोंगाचे बोलणे-चालणे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला, तेव्हा त्याला यंत्र लागत नसे. कागद, पेन्सिल, फासे आणि चार मित्र एवढ्यावर तो चाले. एक जण कथा सांगणार, बाकीचे कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर होणार. आणि प्रसंग आला की 'तू आता काय करशील?' असे विचारले जाणार. पुढे हीच रीत संगणकाने उचलली.

परंतु संगणकावरचे ते आरंभीचे खेळ किचकट होते. ते सामान्य मुलाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय जपानच्या युजी होरी ह्यांच्याकडे जाते. त्यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' १९८६ मध्ये आला. आम्ही स्वतः तो खेळलो नाही, परंतु त्याच्या रचनेविषयी जे वाचले, ते शिक्षक म्हणून आमच्या मनात घर करून राहिले. खेळाच्या आरंभी नायक राजाच्या दालनात उभा असतो आणि दालनाचे दार बंद असते. तेथेच पेट्या आहेत, पेटीत किल्ली आहे. बोलणे, पेटी उघडणे, किल्ली घेणे, दार उघडणे ह्या चार गोष्टी केल्याशिवाय तो बाहेर पडूच शकत नाही. म्हणजे पुढे लागणारे सारे धडे त्याने त्या एका खोलीत गिरवलेले असतात, आणि आपण धडा गिरवला हे त्याच्या ध्यानातही येत नाही. बाहेर आल्यावर पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. जेथे शेवटी पोहोचायचे, ते ठिकाण पहिल्या पावलालाच दाखवून ठेवले आहे. आणि नायक लढाईत पडला, तर तो पुन्हा राजासमोर येतो; थैलीतले अर्धे धन जाते, पण कमावलेला अनुभव मात्र जात नाही. धन जावे, अनुभव राहावा, ह्याहून चांगला परीक्षेचा नियम आमच्या शिक्षण खात्यालाही सुचलेला नाही.

आमच्या पिढीला हे नवे वाटू नये. आता बंद पडलेला 'चांदोबा' ज्यांच्या घरी येत असे, त्यांना विक्रम आणि वेताळ आठवतील. राजा झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, राजाचे मौन मोडते आणि वेताळ पुन्हा झाडावर. राजा पुन्हा त्याच वाटेने परततो. किती वेळा हरला म्हणून राजाला कोणी हसले नाही, कारण प्रत्येक हरण्यातून आपल्याला एक नवी गोष्ट मिळत होती. नवशिक्यासाठी खेळ निवडताना आम्ही हीच कसोटी लावतो. हरल्यावर मुलाला परत वळावेसे वाटते का, आणि वळले तर हाती काही नवे लागते का?

ह्या कसोटीवर पाहण्यासाठी आम्ही जो खेळ निवडला, तो पुण्याचा आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या पुण्यातील छोट्या संस्थेने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ तयार केला. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयन मॉड ही तिच्या संस्थापकांची नावे. लोकांकडून आगाऊ वर्गणी जमवण्याचा त्यांचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नवोदितांच्या सर्वोत्कृष्ट पदार्पणासाठी ज्या पाच खेळांची नामांकने झाली, त्यांत 'राजी' होता. पुरस्कार दुसऱ्यास गेला. परंतु पुण्यात बसून केलेल्या खेळाचे नाव त्या यादीत यावे ही लहान गोष्ट नव्हे. पुढे २०२२ मध्ये ह्या खेळाची सुधारलेली आवृत्ती निघाली.

शास्त्रीय काटेकोरपणाने पाहिले, तर 'राजी' हा पूर्णार्थाने रोल-प्लेइंग गेम नाही. जाणकार त्याला साहसी खेळांत घालतील, आणि ते बरोबर आहे. ह्या भेदाकडे आम्ही पुढे येऊच. पण अद्भुत कथेत शिरून एका पात्राच्या पायांनी चालणे, शस्त्रे मिळवीत जाणे, शक्ती वाढवीत जाणे हे सारे त्यात आहे, आणि नवशिक्याला त्या मोठ्या दालनाकडे नेणारी ओसरी म्हणून तो आम्हांस योग्य वाटला.

कथा साधी आहे. राजी आणि गोलू ही अनाथ बहीण-भावंडे खेळ-तमाशे करून पोट भरणारी. ती कसरती करणारी, तो बाहुल्या नाचवणारा. राखीच्या सणात राक्षस चाल करून येतात, मुलांना पळवून नेतात, आणि त्यांत गोलूही जातो. देवी दुर्गा राजीला आपला त्रिशूळ देते आणि राजी भावाच्या शोधात निघते. वाटेत धनुष्य येते, पुढे इतर शस्त्रे येतात. दुर्गा आणि विष्णू वरून हे सारे पाहत असतात आणि आपापसांत बोलत असतात. कथा आपल्या कानी पडते ती त्यांच्या तोंडून. महाबलासुर हा ह्या राक्षसांचा अधिपती. बाली बेटावरच्या लोककथांतील रंगडा ही राक्षसीही ह्या कथेत येते. आपल्या पुराणांची सावली समुद्रापलीकडे किती लांबवर पडली आहे, हे सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकापेक्षा तेथे अधिक चटकन समजते.

रक्षाबंधनाला भाऊ बहिणीचे रक्षण करण्याचे वचन देतो असे आपण मुलांकडून निबंधात लिहवून घेतो. येथे बहीण भावाला सोडवायला निघाली आहे, आणि त्याबद्दल कोणी आश्चर्य व्यक्त करीत नाही, भाषण करीत नाही; ती निघते एवढेच. आमच्या भागात घरी एकच मोबाइल असला, तर तो आधी मुलाच्या हाती जातो. मुलीची पाळी येते ती चार्जिंग संपता संपता, आणि तीही पुस्तकातले काही पाहायचे असल्यास. व्हिडिओ गेम हा मुलांचा प्रांत आणि मुलींनी शेजारी बसून पाहायचे, अशी वाटणी न बोलता होऊन गेली आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथल्या आमच्या वाचकांच्या घरी ह्याहून फार निराळे असेल असे वाटत नाही. अशा घरात जेव्हा पडद्यावरची धावणारी, भिंतीवर चढणारी, खांबाभोवती गिरकी घेऊन राक्षसांवर कोसळणारी व्यक्ती एक मुलगी असते, तेव्हा ते यंत्र कोणाच्या हाती द्यायचे हा प्रश्न घरात निदान विचारला तरी जातो.

आमच्या धाकट्या बंधूंच्या घरी, बुऱ्हाणपुरास, हा प्रश्न प्रत्यक्षच विचारला गेला. पुतण्या नववीत, पुतणी सातवीत. पुतण्याचा हात गोळीबाराच्या खेळांवर बसलेला; पुतणीने आजवर काहीच खेळलेले नव्हते. आमचे स्वतःचे अंगठे ह्या विद्येला निरुपयोगी असल्यामुळे आम्ही खुर्ची ओढून मागे बसलो आणि काही संध्याकाळी नुसते पाहिले. पुतण्या धावतच सुटला. भिंतींवर जी चित्रे आहेत, त्यांच्यापाशी थांबले की दुर्गा किंवा विष्णू त्या चित्रातली कथा सांगतात. तो एकाही चित्रापाशी थांबला नाही. पुतणी प्रत्येक चित्रापाशी उभी राहिली. आवाज पूर्ण थांबेपर्यंत ती बटणाला हात लावीत नसे. एके ठिकाणी तर आजीला हाक मारून तिने महिषासुराची कथा दोघींनी ऐकली आणि आजीने त्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या.

नवशिक्यासाठी ह्या खेळात जे सर्वांत मोलाचे आहे, ते आम्हांस येथे दिसले. परदेशी अद्भुत खेळात मुलाला दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात. बोटांनी काय करायचे हे एक. आणि ते जग काय आहे, तेथला देव कोण, दैत्य कोण, त्रिशूळाच्या जागी ते जे काही आहे त्याचे मोल काय, हे दुसरे. 'राजी'मध्ये दुसरे ओझे मुलाच्या डोक्यावर नाही. ते ज्ञान ते मूल घरून घेऊन आलेले आहे, आजीकडून, देव्हाऱ्यातून, नवरात्रातून. सारे लक्ष बोटांकडे देता येते. गणिताचा नवा प्रकार शिकवताना उदाहरणातली नावे आणि वस्तू ओळखीच्या ठेवाव्यात, हे कोणताही प्राथमिक शिक्षक जाणतो. तेच तत्त्व येथे आहे.

चित्रकलेविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत. रंग पहाडी लघुचित्रांच्या वळणाचे आहेत, इमारती राजस्थानच्या किल्ल्यांवरून घेतल्या आहेत. आणि कथेतले दुवे सांगताना पडद्यावर छायाबाहुल्या येतात. हे पाहताना आम्हांस सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी आठवली. कुडाळजवळच्या त्या गावातील ठाकर समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी ही परंपरा पिढ्यान् पिढ्या सांभाळली. तेथील परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. दिव्याच्या उजेडात पडद्यावर सावल्या हलवून रामायण सांगणारी ती माणसे आणि पुण्यात संगणकापुढे बसून सावल्या हलवणारी ही माणसे, ह्यांचा धंदा आम्हांस एकच वाटतो. मात्र पुण्यात बसून राजस्थानपर्यंत गेलेली ह्यांची नजर कोकणात का वळली नाही, असेही मनात आले.

कोडी सोपी आहेत. वर्तुळाकार चकत्या फिरवून चित्र जुळवायचे; जुळले की राजी आणि गोलू ह्यांच्या जुन्या दिवसांची एखादी आठवण उलगडते. मोठ्या माणसाला ती कोडी पोरकट वाटतील. मूल अडून बसत नाही आणि आठवण ऐकायला मिळते, म्हणून आम्हांस ती पसंत आहेत. राजी पडली वा मेली, तर फार मागे जावे लागत नाही; थोड्याच अंतरावरून पुन्हा आरंभ होतो. शस्त्रांची शक्ती वाढवण्यासाठी जे गोळे मिळतात, ते एका विद्येतून काढून दुसऱ्या विद्येत घालता येतात. विजेची शक्ती घेतली, ती जमली नाही, तर बर्फाची घ्यावी. एकदा केलेली निवड जन्मभर छळत नाही. अकरावीला विषय निवडताना आमच्या विद्यार्थ्यांना एवढी मोकळीक असती तर काय बहार झाली असती!

आता दोष. लढाया हा ह्या खेळाचा दुबळा भाग आहे. चौक बंद होतो, चारही बाजूंनी राक्षस येतात, ते संपले की चौक उघडतो. पुढे पुन्हा तेच. शस्त्र बदलते, राक्षस थोडे बदलतात, पण रीत बदलत नाही. चुकवून बाजूला होण्याचे बटण दाबले तरी राजी किंचित उशिराने हलते, असे पुतण्याने पहिल्याच दिवशी सांगितले, आणि अनेक समीक्षकांनीही हाताळणीच्या जडपणावर बोट ठेवले होते. २०२२ च्या आवृत्तीत ह्यात सुधारणा केली आहे. दुसरे असे की, दृश्य वरून तिरके दिसते आणि ते आपल्याला फिरवता येत नाही. त्यामुळे समोरचा खांब जवळ आहे की लांब, हे नवख्या डोळ्याला कळत नाही आणि उडी चुकते. चूक मुलाची नसते, पण दरीत मूलच पडते.

ह्याहून मोठी गोष्ट त्या मोठ्या राक्षसांशी होणाऱ्या लढायांची. इतका वेळ हात धरून चालवणारा हा खेळ तेथे एकाएकी हात सोडतो. पुतणी एके ठिकाणी अडली ती तीन संध्याकाळी अडली. चौथ्या दिवशी तिने यंत्र भावाच्या हाती दिले. त्याने पंधरा मिनिटांत ती राक्षसी पाडली आणि विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिले. पुतणी काही बोलली नाही. पुढची भिंतीवरची कथा ऐकायला मात्र ती पुन्हा पुढे सरकली. जी कथेसाठी आली होती, तिला वाट मोकळी करून घेण्यासाठी ज्याला कथेशी काही देणेघेणे नाही अशाची मदत घ्यावी लागली. बहिणीने भावाला सोडवण्याच्या खेळात हे व्हावे, हे आम्हांस फार बोचले. 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या राजाने येथे काय केले असते? मूल पुन्हा पुन्हा हरले तरी प्रत्येक फेरीत त्याचा अनुभव थोडा वाढला असता, आणि आज न जिंकलेली लढाई परवा जिंकता आली असती. 'राजी'त त्या चौकात हरले की जेवढे होतो तेवढेच राहतो. वाढायचे ते फक्त बोटांनी.

येथेच तो शास्त्रीय भेद पुढे येतो. राजी जे करते ते ठरलेले आहे. 'तू आता काय करशील?' हा प्रश्न ह्या खेळात मुलाला कोणी विचारीत नाही. राक्षसाशी बोलावे की लढावे, ह्या वाटेने जावे की त्या, कोणावर विश्वास ठेवावा, ह्यांपैकी काहीही मुलाच्या हाती नाही. सोंग दिले आहे, पण सोंगातले बोलणे दिलेले नाही. बहुरूप्याच्या अंगावर फौजदाराचा पोशाख चढवावा आणि तोंडाला कुलूप लावावे, तसे. भूमिका-खेळाचा जो खरा संस्कार, निवड करणे आणि तिचा परिणाम भोगणे, तो येथे मिळत नाही. त्यासाठी पुढे दुसऱ्या खेळाकडे जावे लागेल.

आणि शेवट. साधारण पाच-सहा तासांत खेळ संपतो. नवशिक्याच्या दृष्टीने आम्ही हा आखूडपणा गुणातच धरतो. शंभर तासांचा खेळ कोणत्या आईने मान्य करावा? पण कथा संपत नाही, ती तुटते. शेवटच्या लढाईनंतर उत्तरे मिळतील अशा अपेक्षेने मूल पाहत राहते आणि पडद्यावर कारागिरांची नावे सरकू लागतात. पुतणी म्हणाली, "मोठे काका, पान फाटलं आहे का?" वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांनी तिला ह्या अनुभवाची सवय करून ठेवली आहे. छोट्या संस्थेच्या पैशांची आणि माणसांची मर्यादा आम्ही समजू शकतो. तरीही मुलांना सांगितलेली गोष्ट पुरी करावी लागते. कीर्तनकार आख्यान अर्धे टाकून आरती सुरू करीत नाही.

भाषेविषयी आम्ही लिहिले नाही, तर वाचक आम्हांस सोडणार नाहीत. २०२० मध्ये दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलत होते. २०२२ मध्ये हिंदी आवाज आले आणि खेळ एकदम घरचा झाला. आमच्या पुतणीने तो हिंदीतच खेळला. पुण्यात जन्मलेली राजी मराठीत मात्र बोलत नाही. ह्याबद्दल रागावण्यात अर्थ नाही. मोठा बाजार इंग्रजीचा, त्यानंतर हिंदीचा. आवाज भरण्याला पैसे लागतात. परंतु आमच्या दापोऱ्याच्या मुलांची स्थिती लक्षात घ्यावी. घरी खानदेशी वळणाची मराठी, शाळेत हिंदी, मोबाइलवर इंग्रजी. अद्भुताची भाषा ही त्यांच्यासाठी हळूहळू घराबाहेरची भाषा होत चालली आहे. राक्षस हिंदीत हसतात, वीर इंग्रजीत गर्जतात, आणि मराठी उरते ती 'जेवायला चला' म्हणण्यापुरती. आमच्या लहानपणी वेताळ मराठी बोलत असे. तो भाषांतरातून आलेला होता हे आम्हांस पुष्कळ उशिरा समजले, आणि त्याने काही बिघडले नाही.

सामग्रीची वाण आहे म्हणावे, तर तसेही नाही. बुऱ्हाणपूरपासून उत्तरेला सातपुड्यात असीरगड उभा आहे. दक्षिणेचा दरवाजा म्हणून त्याची ख्याती. अकबराला तो १६०१ मध्ये मिळाला, तोही दीर्घ वेढ्यानंतर. एकात एक अशा तटांच्या तीन रांगा. त्या गडावरच्या महादेवाच्या मंदिरात अश्वत्थामा अजूनही पहाटे येऊन फूल वाहून जातो, असे येथले आबालवृद्ध सांगतात. कपाळावर न भरणारी जखम घेऊन, मरणही न येणारा तो योद्धा ह्या डोंगरात फिरतो आहे. नवशिक्या नायकाला वाटेत भेटणारे ह्याहून अद्भुत पात्र कोणत्या देशाच्या खेळात आहे? आणि शहराच्या पोटातून जाणारा तो कुंडी भंडारा, जहांगीराच्या काळात खानखानानच्या सुभेदारीत १६१५ च्या सुमारास खोदलेला. डोंगरातून झिरपणारे पाणी भुयारातून शहराकडे आणणारा, वर ओळीने कुंड्यांची तोंडे असलेला. भुयार, पाणी, वरून पडणारा उजेड. खेळ रचणाऱ्याला आणखी काय हवे? आमच्या शाळेतील आठवीच्या मुलांना आम्ही मागे कागदावर असा एक खेळ आखायला सांगितले. फासे, एक नकाशा, आणि अश्वत्थाम्याला तेल द्यायचे की नाही हा प्रश्न. कारण लोककथेत तो जखमेसाठी तेल मागतो. निम्म्या वर्गाने तेल दिले, निम्म्याने दिले नाही, आणि मधली सुट्टी संपली तरी वाद संपला नाही. वाद अर्थातच मराठीत झाला.

जबलपूरच्या भगिनींना आमचे उत्तर असे. घरी चांगल्यापैकी संगणक किंवा खेळाचे यंत्र असेल, तर पहिला खेळ म्हणून 'राजी' द्यावा. आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकासारख्या यंत्रावर तो चालणार नाही, तेव्हा विकत घेण्यापूर्वी कोणा जाणकाराला यंत्र दाखवावे. २०२२ ची सुधारलेली आवृत्तीच घ्यावी आणि आवाज हिंदी ठेवावा. राक्षस मारण्याची दृश्ये आहेत. फार लहान मुलांना एकटे बसवू नये. दिवसाला एक तास पुरे, आठवड्यात खेळ संपेल. घरी मुलगा आणि मुलगी दोन्ही असतील, तर यंत्र आधी मुलीच्या हाती द्यावे. आणि ती कुठे अडली तर भावाने लढाई जिंकून देण्याऐवजी शेजारी बसून 'आता उडी मार' एवढेच सांगावे, असा नियम आरंभीच करून ठेवावा. आजी घरात असल्यास भिंतीवरच्या चित्रांच्या वेळी तिला बोलवावे. तिच्या दुरुस्त्या बहुधा बरोबर असतात. आणि गोलूचे पुढे काय होते, हे ज्यांनी आधी पाहिले असेल, त्यांनी जेवताना सांगून टाकू नये.